वेठ कुणाची, वेठीस कोण?

एसटीचा संप असो, बँकांचा असो, सफाई कामगारांचा असो की निवासी डॉक्टरांचा, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक मथळा ठरलेला असतो. 'प्रवासी वेठीस', 'रुग्ण वेठीस', 'शहर वेठीस'. या मथळ्यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नसे. 'वेठ' या शब्दाच्या मागे लागलो आणि मग मात्र हा मथळा दिसला की मी थबकू लागलो. ज्या शब्दाचा अर्थ 'जबरदस्तीनं आणि फुकट करून घेतलेलं काम' असा आहे, तो शब्द 'आज मी काम करणार नाही' असं म्हणणाऱ्या माणसावर उगारला जातो. वेठ नाकारणारा माणूसच वेठीस धरणारा ठरतो.

शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात नवल काही नाही. पण हा बदल कोणत्या वाटेनं झाला हे पाहायला गेलं, तर सुमारे दोन हजार वर्षं मागे जावं लागतं. त्या वाटेवर राजे भेटतात, गावप्रमुख भेटतात, सर्वोच्च न्यायालय भेटतं आणि शेवटी उसाचा फडही लागतो.

दोन भाषांचा एक शब्द

'वेठबिगार' हा जोडशब्द आहे, आणि त्याचे दोन्ही भाग एकाच अर्थाचे आहेत. मराठीत असे शब्द पुष्कळ. धनदौलत, कागदपत्र, रीतरिवाज, मेवामिठाई. एक भाग संस्कृत-प्राकृताकडून आलेला, दुसरा फारसी-अरबीकडून. राज्यकर्त्यांची भाषा बदलली की प्रजेला जुना शब्द सोडवत नाही आणि नवा टाळता येत नाही. मग दोन्ही शेजारी-शेजारी बसतात. धन तेच, दौलत तीच. तशी वेठ तीच आणि बिगार तीच. राज्य यादवांचं असो, बहमनींचं असो की पेशव्यांचं, डोक्यावरचं ओझं बदललं नाही. फक्त त्याला आणखी एक नाव मिळालं.

'वेठ' आला संस्कृत 'विष्टि'वरून. प्राकृतात त्याचं 'विट्ठि', 'वेट्ठि' झालं आणि मराठी-गुजरातीत 'वेठ'. 'विष्' या धातूचा एक अर्थ काम करणं, सेवा करणं असा आहे. म्हणजे मुळात या शब्दात जबरदस्ती नव्हती. नुसतं काम होतं. जबरदस्ती त्याला नंतर चिकटली आणि मग ती इतकी घट्ट बसली की मूळचा साधा अर्थ पुसूनच गेला.

'बिगार' फारसी 'बेगार'वरून आला. त्यातला 'बे' आपल्या ओळखीचा, बेकार, बेघर, बेइमान यांमधला. बेकार म्हणजे ज्याला काम नाही तो. बेगार म्हणजे ज्या कामाला दाम नाही ते. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे आणि दोन्ही अवस्था गरिबाच्याच वाट्याला येतात. (बिगरशेती, बिगरमराठी यांतला 'बिगर' मात्र वेगळा. तो अरबी 'गैर'च्या कुळातला, त्याचा बिगारीशी संबंध नाही.) हा शब्द नुसता पूर्वेकडेच आला असं नाही. इराणच्या पलीकडे, कॉकेशस पर्वतातल्या जॉर्जियन भाषेतही जमीनदारासाठी कराव्या लागणाऱ्या सक्तीच्या कामाला 'बेगारा' म्हणत.

इतर भाषांनी या गोष्टीला काय काय नावं दिली तेही पाहण्यासारखं आहे. फ्रेंचमध्ये 'कोर्व्हे'. तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ 'विनंती करून मागवलेलं काम'! चेक भाषेत 'रोबोटा'. जमीनदाराच्या शेतावर कुळानं फुकट राबण्याला हा शब्द होता. कारेल चापेकनं १९२० साली आपल्या नाटकात कृत्रिम कामगार रंगवले, तेव्हा त्याच्या भावानं, योसेफनं, त्यांना याच शब्दावरून नाव सुचवलं: रोबो. पगार न मागणारं, दमत नाही असं समजलं जाणारं आणि नकार न देणारं असं काहीतरी माणसाला हवंच होतं. यंत्र यायच्या आधी ती जागा माणसांनी भरून काढली होती.

राजाची विष्टि

जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या खडकावर क्षत्रप राजा रुद्रदामन याचा शिलालेख आहे. काळ इसवी सन १५०च्या आसपासचा. अतिवृष्टीनं सुदर्शन तलावाचा बांध फुटला होता, तो राजानं पुन्हा बांधून घेतला. लेखात राजाची थोरवी सांगताना म्हटलं आहे की नगरातल्या आणि जनपदातल्या प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय यांचा त्रास न देता, स्वतःच्या कोशातून त्यानं हे काम केलं. (इथला 'प्रणय' म्हणजे प्रेम नव्हे. राजाला 'प्रेमानं' द्यायची जादा वर्गणी.)

एखादी गोष्ट केली नाही याची फुशारकी खडकावर कोरून ठेवावीशी वाटते, याचा अर्थ ती करणं हीच रीत होती. धरण फुटलं की गावंच्या गावं मातीच्या पाट्या वाहायला जुंपायची, हे त्या काळी इतकं स्वाभाविक होतं की न जुंपणारा राजा इतिहासात नोंदला गेला.

अर्थशास्त्रात सैन्याबरोबर जाणाऱ्या विष्टीची कामं मोजून दिली आहेत. छावणी, रस्ते, पूल, विहिरी, घाट साफ करणं. यंत्रं, शस्त्रं, चिलखतं, दाणावैरण वाहून नेणं. रणभूमीवरून हत्यारं आणि जखमी माणसं उचलून आणणं. लढाया जिंकणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. हे दुसरं काम करणाऱ्यांना ग्रंथात एकच सामुदायिक नाव आहे, विष्टि. मनुस्मृतीनं तर हिशेबही घालून दिला. कारागीर, शिल्पी आणि अंगमेहनतीवर जगणारे शूद्र यांच्याकडून राजानं महिन्याला एक दिवस काम करून घ्यावं. म्हणजे ज्याच्याकडे कर द्यायला धान्य नाही, त्यानं दिवस द्यायचा. विष्टि हा देहातून वसूल केलेला कर होता.

राजाकडून गावप्रमुखाकडे

मग एक बदल झाला, आणि त्याचा पुरावा आपल्याकडे, विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला. त्यात चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं आहे. दानाबरोबर सवलतींची लांबलचक यादी आहे. या गावानं राजाच्या माणसांना गाईबैल द्यायचे नाहीत, फुलं आणि दूध द्यायचं नाही, चराई, कातडी, कोळसा द्यायचा नाही, आणि सर्व प्रकारच्या विष्टीतून हे गाव मुक्त.

वाचताना प्रथम बरं वाटतं. गाव सुटलं! पण सुटलं कुणापासून? राजाच्या वेठीपासून. त्या गावात नांगर धरणारा, गुरं वळणारा, लाकडं फोडणारा माणूस होताच. त्याच्यावर आजवर राजाचा जो हक्क होता तो राजानं सोडला. नव्या धन्यांनी तो हक्क वापरू नये, असं मात्र ताम्रपटात कुठंही लिहिलेलं नाही. ज्याला इतिहासकार भारतीय सरंजामशाही म्हणतात, तिचं एक दार इथं उघडतं. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि रामशरण शर्मा यांनी अशा दानपत्रांवरूनच तिची मांडणी केली. तिच्यावर पुढे वाद झाले. पण विष्टीचा मालक राजाच्या खालचा कुणीतरी होऊ लागला होता, याला आणखी एक साक्षीदार आहे, आणि तो अगदी अनपेक्षित आहे: कामसूत्र.

वात्स्यायनानं एके ठिकाणी गावप्रमुखाला गावातल्या बायका कशा सहज वश होतात ते सांगितलं आहे. केव्हा? तर त्या त्याच्याकडे विष्टिकर्माला येतात तेव्हा. कोठारं भरायला, सामान आत-बाहेर करायला, घराची डागडुजी करायला, शेतात राबायला, कापूस, लोकर, ताग न्यायला आणि कातलेलं सूत आणून द्यायला. ग्रंथकाराचा सूर सल्ला देणाऱ्याचा आहे, त्यात तक्रारीचा लवलेश नाही. आपण मात्र ते वाक्य त्या बाईच्या बाजूनं वाचून पाहावं. जिला 'कामाला येत नाही' म्हणायची सोय नाही, तिला दुसरं कुठलं 'नाही' म्हणण्याची सोय असेल? वेठ म्हणजे फुकट काम एवढंच नव्हे. त्यात नकाराचा हक्कच काढून घेतलेला असतो, मग तो फक्त कामापुरता उरत नाही.

ज्याचं त्याला फुकट

दक्षिणेत हाच शब्द तमिळमध्ये 'वेट्टी' होऊन चोळांच्या शिलालेखांत पदोपदी येतो. तेलुगूतही 'वेट्टी'. निजामाच्या राज्यातली तेलंगणातली 'वेट्टी चाकिरी' याच कुळातली. कन्नडमध्ये 'बिट्टी'. आज बोलीतल्या तमिळमध्ये 'वेट्टी' म्हणजे रिकामटेकडा, निरुपयोगी. कन्नडमध्ये 'बिट्टी' म्हणजे फुकट. आणि मराठीत 'वेठ वारणं' म्हणजे काम कसंबसं, मनाविरुद्ध उरकणं. माझी आजी केरसुणी नुसती फिरवून निघालेल्या नातवंडाला हेच म्हणायची, "वेठ वारल्यासारखं करू नकोस." हिंदीत 'बेगार टालना'चा अर्थ अगदी तोच.

फुकट, रिकामटेकडा, निष्काळजी. हे तीन अर्थ नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. तिन्ही काम करून घेणाऱ्याच्या ओसरीवरून दिसणारे आहेत. ते काम फुकट होतं ते घेणाऱ्याला. देणाऱ्याचा दिवस गेला, त्याच्या स्वतःच्या वावराचा वाफसा गेला. आणि काम वाईट केलं, ही तक्रारही घेणाऱ्याचीच. पळून जाता येत नाही, नाही म्हणता येत नाही, अशा माणसाजवळ हात हळू चालवणं एवढंच हत्यार उरतं. भाषेनं त्या हत्याराला आळस म्हणून नोंदवून ठेवलं. 'वेठीस धरलं' हा आजचा मथळाही त्याच ओसरीवर बसून लिहिलेला आहे.

वतन नावाची साखळी

मराठेशाहीच्या कागदांत 'वेठबेगार' हा शब्द रुळलेला आहे. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकारानं अठराव्या शतकातल्या मराठी राज्यातल्या वेठबेगारीवर स्वतंत्र निबंध लिहिला. सरकारी घोड्यांसाठी गवत कापणं, किल्ल्यांवर सामान चढवणं, डागडुजी करणं ही कामं आसपासच्या गावांवर पडत आणि गावात त्यांचा सर्वांत मोठा वाटा महारांवर पडे. हे लोक गुलाम नव्हते. विकत घेतलेल्या माणसांसाठी त्या काळात बटीक, कुणबीण असे वेगळे शब्द होते. महार वतनदार होता. त्याच्याकडे सनद होती, हाडकी-हाडोळ्याची जमीन होती, बलुत्याचा हक्क होता. वतन या शब्दाला प्रतिष्ठेचा वास आहे. पण पाटलाचं वतन हा मान होता आणि महाराचं वतन ही पिढीजात हजेरी होती.

इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही. १८७४च्या वतन कायद्यानं तिला कागदावर बसवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा त्यांचा मुद्दा नेमका हाच होता. महाराला दिवसरात्र सरकारी कामाला बांधलेलं आहे, तो घरी नसला तर त्याच्या घरातल्या माणसाला धरून नेता येतं आणि मोबदला सरकार देत नाही, गावकऱ्यांनी दिला तर द्यायचा. काम सरकारचं, दाणे गावाचे आणि गावाची मर्जी गेली की दाणेही नाहीत. विधेयक त्यांना १९२९ साली मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. तोवर बाबासाहेब जाऊन दोन वर्षं होत आली होती.

दरम्यान वेठ मोडणं लोकांनी आपल्या हाती घेतलं होतं. कुमाऊँमध्ये जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या मकरसंक्रांतीच्या जत्रेत गावकऱ्यांनी कुली-बेगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत फेकून दिल्या. आपल्याकडे १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठ बंद केली. तिथं वेठीबरोबर आणखी एक शब्द होता, लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडं कर्ज घ्यायचं आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोनं आयुष्यभर त्याच्याकडे राबायचं. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानंही १९३०च्या दशकाअखेर आपल्या अहवालात या लग्नाच्या गुलामीची नोंद केली होती. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलं असेल त्यांना कामसूत्रातला तो गावप्रमुख तिथं पुन्हा भेटला असेल. फक्त तिथं गोष्ट दुसऱ्या बाजूनं सांगितलेली आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. वेठ मात्र परत सुरू झाली नाही.

न्यायालयात मोल्सवर्थ

भारताच्या राज्यघटनेचं तेविसावं कलम माणसांच्या व्यापाराला आणि सक्तीच्या श्रमाला मनाई करतं. त्याच्या इंग्रजी मजकुरात मध्येच एक देशी शब्द आहे, 'बेगार'. घटनाकारांनी त्याचं भाषांतर केलं नाही. केलं असतं तर त्यातला हजारो वर्षांचा अनुभव बाहेर सांडला असता.

पण शब्द घटनेत आला की त्याचा अर्थ न्यायालयाला ठरवावा लागतो. १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत क्रीडागारं आणि उड्डाणपूल बांधले जात होते. मजुरांचं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होतं. ठेकेदार पैसे जमादाराला देत, जमादार माणशी एक रुपया कापून घेई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. बेगार म्हणजे काय हे सांगण्यासाठी त्यांनी ज्या कोशांचा आधार घेतला त्यांतला एक मोल्सवर्थचा होता. १८३१ साली पहिल्यांदा छापलेला आपला मराठी-इंग्रजी कोश! कंपनी सरकारच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं मराठी पंडितांना हाताशी धरून टिपलेला अर्थ दीडशे वर्षांनी दिल्लीतल्या मजुरांच्या कामी आला.

न्यायालय मात्र कोशावर थांबलं नाही. कोशातली बेगार बिनपगारी असते. या मजुरांना पगार होता. निकालात म्हटलं आहे की सक्ती केवळ काठीची किंवा कायद्याची नसते. भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे. कायद्यानं ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणी राबायला तयार होतो, तेव्हा तो कुठल्या ना कुठल्या दबावाखालीच तयार होतो, म्हणून ते काम सक्तीचं श्रम ठरतं. माझ्या मते आधुनिक भारतात एका शब्दाचा अर्थ याहून मोलाच्या पद्धतीनं क्वचितच विस्तारला असेल. शब्द पहिल्यांदाच ओसरीवरून उतरून अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूला गेला.

त्याआधी १९७५ साली वटहुकूम आणि १९७६ साली कायदा करून वेठबिगारी पद्धत रद्द झाली होती. त्या कायद्याच्या व्याख्येत देशभरातल्या प्रथांची नावं इंग्रजी वर्णानुक्रमानं दिली आहेत. हाली, हरवाई, कमिया, पालेरू, सागडी. यादीतलं शेवटचं नाव आहे वेट्टी. रुद्रदामनाच्या खडकावरची विष्टि अठराशे वर्षं चालत येऊन एका कायद्याच्या यादीत शेवटच्या जागी पोचली.

उचल

यादी तिथं संपली. प्रथा संपली का? आता वेठ हा शब्द कुणी कामाच्या ठिकाणी उच्चारत नाही. त्याच्या जागी साधे, व्यवहारी शब्द आहेत. त्यांतला सर्वांत वजनदार शब्द आहे 'उचल'. बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या कोरडवाहू भागातली कुटुंबं हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल कोयत्यावर मिळते, दोन माणसांना नव्हे. एक दिवस काम चुकलं तर 'खाडा', त्याचा दंड. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा चर्चा पुन्हा पुन्हा या खाड्याशीच येऊन थांबत होती. मासिक पाळीचा दिवसही खाड्यात धरला जातो, मग पाळीच नको.

काही वर्षांपूर्वी एका फडावर एका ताईंना मी विचारलं होतं, काम जमत नसेल तर मध्येच घरी जाता येतं का? त्यांनी कोयता न थांबवता उत्तर दिलं, "उचल फिटल्याबिगर कसं जाता यील, दादा?" आवाजात तक्रार नव्हती. दुपार झाली की ऊन लागतं, तसंच हेही.

उचल आणि लग्नगड्याचं कर्ज यांत फरक आहे, तो मी नाकारत नाही. ऊसतोडीला टनावर दर आहे, संघटना आहेत, संप होतात, दर वाढवून मिळतात. पण वेठीची ओळख पटवायची जी खूण दोन हजार वर्षांत बदलली नाही, ती मजुरीची रक्कम नाही. माणसाला 'नाही' म्हणून निघून जाता येतं की नाही, ही ती खूण. विष्टि करणाऱ्याला राजाच्या भीतीनं जाता येत नव्हतं, महाराला वतनामुळे, लग्नगड्याला कर्जामुळे, दिल्लीच्या मजुराला भुकेमुळे. फडावरच्या ताईंना उचलीमुळे जाता येत नाही.

म्हणून संपाच्या बातमीत 'वेठीस धरलं' असं वाचलं की मी मनातल्या मनात तेवढा शब्द खोडतो. एसटी बंद असते तेव्हा हाल होतात, खरंच होतात. गैरसोय, अडवणूक, कोंडी असे शब्द मराठीत आहेत आणि ते पुरेसे आहेत. संप म्हणजे काम करणाऱ्यानं 'नाही' म्हणणं. ते योग्य वेळी म्हटलं की अयोग्य, यावर भांडावं, जरूर भांडावं. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ते म्हणताच आलं नाही त्यांच्या अवस्थेचं नाव घेऊन ते म्हणणाऱ्याला मारू नये. तो शब्द त्यांचा आहे, आणि उसाच्या फडावर, वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर तो अजून लागतो.